डोलखुर्ची कुणाची

रेजाँची आणि माझी ओळख एका नापास पिंपामुळे झाली.

माझं काम मेपल झाडांच्या रसाची काकवी तपासण्याचं. एप्रिल संपत आला की आमच्या फ्रेंचभाषक बोस भागातल्या गुऱ्हाळांमधून पिंपं गोदामात यायला लागतात. प्रत्येक पिंपातून मी थोडी काकवी काढते, तिच्यातून किती प्रकाश आरपार जातो ते यंत्रावर बघते, साखरेचं प्रमाण मोजते आणि शेवटी चमच्यानं जिभेवर ठेवते. यंत्राला रंग कळतो, चव कळत नाही. त्या दिवशी एका पिंपाला मी ‘कळ्यांची चव’ असा शेरा लिहिला. झाडावरच्या कळ्या फुगायला लागल्या की रस बिघडतो आणि काकवीला शिजलेल्या कोबीसारखा वास मारतो. तो शेरा पडला की पिंपाचा भावही पडतो.

पिंपाचा मालक छातीपर्यंत दाढी वाढवलेला, उंच माणूस होता. तो थेट माझ्या टेबलापाशी आला.

“बाई, तीस वर्षं काकवी करतोय मी. माझ्या पिंपात कळी?”

मी दुसरा चमचा भरून त्याच्यापुढे धरला. “चाखा.”

त्यानं चाखलं. चमचा पुसून टेबलावर ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “शेवटच्या दोन दिवसांचा रस आहे हा. आई म्हणाली होती, आता पुरे कर. तिला सांगू नका.”

“मी कुणालाच सांगत नाही,” मी म्हटलं, “फक्त लिहिते.”

तो हसला. हसताना दाढी हलते आणि डोळे मिटतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर चार वर्षांनी, मार्चमधल्या एका दुपारी, त्यानं मला लग्नाचं विचारलं. आम्ही त्याच्या गुऱ्हाळात होतो. कढईतून एवढी वाफ येत होती की एकमेकांचे चेहरे पुसट दिसत होते. माझ्या हातात काकवीचा दाटपणा मोजायची काचनळी होती आणि पातळी खुणेला टेकत आली होती.

“ओदील,” वाफेतून आवाज आला, “आपण लग्न करूया का?”

“थांब, उतरवायची वेळ झालीय,” मी म्हटलं.

आम्ही कढईचा नळ सोडला, काकवी गाळली, झाकण लावलं. मग मी म्हटलं, “हो, करूया.” तो चोपन्न वर्षांचा होता, मी एकोणपन्नास. तरी त्यानं मला उचलून गरकन फिरवलं आणि माझी टोपी सरपणात पडली.

टोपी झटकताना मी म्हटलं, “पण आधी नोटरीकडे जायचं. लग्नाचा करार करून घ्यायचा.”

त्यानं हातातला झारा खाली ठेवला.

“करार? बायको होतेयस की ट्रॅक्टर विकत घेतेयस?”

“ट्रॅक्टर घेताना तू कागद केला होतास ना?”

“ट्रॅक्टरवर माझं प्रेम नव्हतं.”

“होतं,” मी म्हटलं. “अजून आहे. मी पाहिलंय तुला त्याच्याशी बोलताना.”

तो हसला नाही. चुलीत लाकडं घालायला लागला, आणि लाकडं घालायची वेळ झालेली नव्हती.

*

मला करार का हवा होता, ते सांगायला हवं.

रेजाँच्या आधी मी नॉर्मां नावाच्या माणसाबरोबर अकरा वर्षं राहिले. लग्न केलं नव्हतं. आमच्याकडे निम्मी जोडपी करत नाहीत. त्यात कुणाला काही वाटत नाही. आणि आमच्याकडच्या सगळ्यांसारखी माझीही खात्री होती, की तीन वर्षं एका छपराखाली काढली की कायद्यानं माणूस नवरा-बायको होतोच. कुणी सांगितलं होतं मला हे? कुणीच नाही. शाळेतल्या मैत्रिणी म्हणायच्या, न्हावीण म्हणायची, माझी आईसुद्धा म्हणायची. त्यातून दर वर्षी कराचा कागद भरताना ‘जोडीदार’ या रकान्यात त्याचं नाव लिहायला लागायचं. मग शंका कशाला येईल?

मी विज्ञान शिकलेली बाई. प्रयोगशाळेत कुणाच्या सांगण्यावर कधी विश्वास ठेवला नाही. घरात मात्र अकरा वर्षं ठेवला.

नॉर्मां एका शनिवारी शांतपणे म्हणाला की त्याचं आता दुसऱ्या कुणावर तरी मन बसलंय. घर त्याच्या नावावर होतं. नवं छप्पर माझ्या पगारातून आलं होतं, पण पावत्या त्याच्या नावाच्या. वकीलबाईंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, “कर भरताना तुम्ही जोडीदार. बाकी वेळ शेजारी.” मी बाहेर पडले ती माझी मांजर आणि एक खोकं घेऊन. खोक्यात माझी सूक्ष्मदर्शिनी होती, वडिलांनी विद्यापीठात जाताना घेऊन दिलेली. तिची पावती माझ्याकडे होती.

तेव्हापासून मी औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. ते खोकं मी उघडलं नाही. नऊ वर्षं ते खिडकीखाली होतं तसंच, चिकटपट्टीसकट. मांजर त्याच्यावर झोपायची.

हे सगळं रेजाँला ठाऊक होतं. म्हणूनच त्याला लागलं.

“मी नॉर्मां आहे का?” तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. आम्ही बर्फातून वनात फिरत होतो. झाडाझाडांतून रसाच्या निळ्या नळ्या गेलेल्या असतात, आणि खारी त्या कुरतडतात. कुठे हवा शिरतेय हे कान देऊन शोधायचं, कापायचं, नवा तुकडा जोडायचा. तीन हंगाम मी त्याच्याबरोबर हे करत होते. नळ्यांचा नवा आराखडा माझा होता. नळ्यांतून रस खेचणाऱ्या ओढपंपाचे निम्मे पैसेही माझे.

“नाहीस,” मी म्हटलं.

“मग पहिल्याच दिवशी घटस्फोटाची तयारी कशाला?”

“आमच्या प्रयोगशाळेत दाराजवळ एक फवारा आहे. अंगावर आम्ल सांडलं तर त्याच्याखाली उभं राहायचं. बावीस वर्षांत कुणी वापरलेला नाही. दर महिन्याला मी तो चालू करून बघते.”

“मग?”

“म्हणून मी आम्लाची बाटली बिनधास्त उचलते.”

तो एका नळीपाशी वाकला, कान लावला. “इथे,” म्हणाला. मी कात्री दिली.

थोड्या वेळानं पाठमोराच म्हणाला, “आणि आईला काय सांगू? तिनं सत्तावन्न वर्षं संसार केला. तिला कळलं की तू लग्नाआधी वकिली कागद मागतेयस, तर ती मला या कढईत घालेल. मग तुला.”

“क्रम ठरलाय का?”

“ओदील, मी गंमत करत नाहीये.”

“मी पण करत नाहीये, रेजाँ. कागद झाला नाही, तर मी माझ्या दोन खोल्या सोडणार नाही. तुझ्यावर प्रेम करेन, रविवारी जेवायला येईन, नळ्या जोडेन. पण पुन्हा दुसऱ्याच्या घरात पाहुणी म्हणून राहणार नाही.”

हे मी शांतपणे बोलले. आतून शांत नव्हते. कारण तो ‘मग राहू दे’ म्हणाला असता, तर मी खरंच गेले असते, आणि मला जायचं नव्हतं.

तो म्हणाला, “नोटरीची वेळ घे. मी येतो. पण मला आवडलेलं नाही.”

*

आमच्या गावच्या नोटरी बिलोदोबाई. त्यांच्या कपाटात गावातल्या सगळ्या घरांचे तीन-तीन पिढ्यांचे कागद आहेत, त्यामुळे रस्त्यात त्या भेटल्या की लोक जरा सरळ चालतात. त्यांनी आम्हाला कोरे कागद दिले, दोघांना वेगवेगळे.

“राहतं घर, घरातलं सामान, गाडी, पेन्शन, यांची किंमत लग्न झालं की कायदाच निम्मी-निम्मी धरतो. त्याला तुम्हाला हात लावता येत नाही,” त्या म्हणाल्या. “बाकीचं तुम्ही ठरवायचं. घरी जाऊन लिहा. एक, आपलं काय आहे. दोन, देणं काय आहे. तीन, भीती कशाची वाटते. एकमेकांचं बघून लिहू नका.”

“भीती?” रेजाँ म्हणाला. “ती कायद्यात बसते?”

“पहिली दोन कुणीही लिहून देतं,” बिलोदोबाई म्हणाल्या. “करार तिसऱ्यावरून करायचा असतो.”

मी माझा कागद त्याच संध्याकाळी भरला. तिसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं: ‘पुन्हा पावत्या दाखवाव्या लागतील.’

रेजाँचा कागद मात्र दोन आठवडे झाले तरी आला नाही. आज रस फार आला, उद्या पंप बिघडला, परवा नदी चढली. हे सगळं खरं होतं, म्हणून मला रागावताही येईना.

मग तो रविवार आला.

दर रविवारी आम्ही रोलांदबाईंकडे, म्हणजे रेजाँच्या आईकडे जेवायचो. त्या त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. घराचा खालचा मजला त्यांचा, वरचा रेजाँचा. काकवीत शिजवलेल्या घेवड्याचा वास बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत येत होता. स्वयंपाकघरात खिडकीशी त्यांची डोलखुर्ची. काळी पडलेली, हातांच्या जागी गुळगुळीत झालेली. तिच्यात त्या सोडून कुणी बसत नसे. रेजाँ सांगायचा, की त्याचे वडीलसुद्धा आधी विचारायचे, “रोलांद, तुझ्या खुर्चीत बसू का?” त्याला वाटायचं, वडील जुन्या पद्धतीचे, बायकोशी लाडात बोलतात.

मी आत गेले तेव्हा रोलांदबाई त्या खुर्चीत बसल्या होत्या. चष्मा नाकावर, आणि हातात नोटरीचा तो कागद.

“हा कुणाचा?” त्यांनी विचारलं.

रेजाँ दारातच थांबला. “आई, ते... तुला कुठे सापडलं?”

“तुझ्या विजारीच्या खिशात. धुवायला टाकलीस ना? चोपन्न वर्षांचा घोडा झालास तरी खिसे रिकामे करत नाहीस.” त्यांनी कागद लांब धरला. “‘आपलं काय आहे: वन, गुऱ्हाळ, ट्रॅक्टर.’ ‘देणं: ट्रॅक्टर.’ हे कसलं कोडं आहे?”

हे त्याच्यावर ढकलणं बरोबर नव्हतं. मी म्हटलं, “रोलांदबाई, हे माझ्यामुळे आहे. लग्नाआधी करार करावा असं मी म्हटलं. नोटरीनं लिहायला सांगितलंय.”

डोलखुर्ची डोलायची थांबली.

“लग्नाचा करार?”

“हो.”

“आणि हा काय म्हणाला?”

“त्याला आवडलं नाही. त्याला वाटतं, तुम्हालाही वाईट वाटेल.”

रोलांदबाईंनी रेजाँकडे पाहिलं. मी त्यांना चार वर्षं ओळखत होते, पण अशी नजर कधी पाहिली नव्हती. त्या उठल्या, आपल्या खोलीत गेल्या. कपाटाचं दार करकरलं.

रेजाँ माझ्याजवळ येऊन पुटपुटला, “झालं. आता ती कोट घालेल आणि मावशीकडे राहायला जाईल. बाबांशी भांडली की जायची.”

“घेवडा चुलीवर आहे,” मी म्हटलं. “घेवडा टाकून जाणार नाहीत.”

त्या परत आल्या तेव्हा हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. डब्यातून एक जाड, पिवळा पडलेला, लाल फितीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा निघाला. त्यांनी तो टेबलावर, बशांच्या मधोमध ठेवला.

“वाच,” त्या रेजाँला म्हणाल्या. “मोठ्यानं. नोटरी मोठ्यानंच वाचतो.”

रेजाँ वाचायला लागला. “सन एकोणीसशे छप्पन्न, सप्टेंबर आठ... एमिलियाँ, शेतकरी व वाहतूकदार, आणि रोलांद... यांनी लग्नापूर्वी...” तो थांबला. “आई, हा तुमचा करार आहे?”

“मग काय शेजाऱ्यांचा? पुढे वाच. ‘वर वधूस देतो’ तिथून.”

“वर वधूस देतो: पिसांच्या गादीसह एक पलंग, लोखंडी चूल एक, शिवणयंत्र एक, दुभती गाय एक, डोलखुर्ची एक, आणि...” त्यानं कागद जवळ धरला. “आणि ओढ्यापलीकडचं मेपलचं वन, गुऱ्हाळासह.”

“वन तुझ्या नावावर होतं, ते करामुळे ना?” तो म्हणाला. “मला तर वाटायचं, बाबांनी कर वाचवायला...”

“तुला पुष्कळ काही वाटतं.” रोलांदबाई परत खुर्चीत बसल्या. “माझे वडील एमिलियाँला म्हणाले, पोरा, तू चांगला आहेस, पण तू ट्रक घेतोयस. ट्रक पेट घेतात. मुलगी देतो, पण आधी नोटरीकडे चल. एमिलियाँ हो म्हणाला. तोंड वाकडं केलं नाही. आणि तुला सांगते, त्या दिवशी केवढी मजा आली! नोटरी घरी आला होता. सगळ्यांसमोर वाचलं. सतरा जणांनी सह्या केल्या, दोन्हीकडच्या आज्यांनी फुल्या मारल्या. मग डुकराच्या पायांचा रस्सा, आणि नाच. लग्नापेक्षा तिथेच जास्त नाचले लोक.”

“आणि ट्रक?” मी विचारलं.

“पंधरा वर्षांनी बुडाला तो धंदा. एक्काहत्तर साली. जप्तीवाला आला. चारी ट्रक लिहिले, गॅरेज लिहिलं. मग इथे स्वयंपाकघरात आला, आणि या खुर्चीत बसून पलंग, चूल, वन लिहायला लागला.” त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. “मी हा कागद आणला आणि म्हटलं, साहेब, आधी माझ्या खुर्चीतून उठा.”

रेजाँ एकटक बघत होता. “टोपीवाला माणूस,” तो हळूच म्हणाला. “मला आठवतं. तू त्याला केक दिलास.”

“दिला की. त्याचं कामच होतं ते. पण उभ्यानं खायला लावला.”

मला हसू आवरेना. रोलांदबाईही हसल्या, मग डोळे पुसले.

“एमिलियाँ बाहेर पायऱ्यांवर बसला होता. आत यायची लाज वाटत होती त्याला. मी म्हटलं, ये, आपल्याकडे वन आहे, मार्चमध्ये रस येईल. तो आत आला आणि या खुर्चीपाशी उभा राहून म्हणाला, रोलांद, तुझ्या खुर्चीत बसू का? तेव्हापासून जाईपर्यंत दर वेळी विचारायचा. बेचाळीस वर्षं.” त्या रेजाँकडे वळल्या. “तू काय समजलास? लाडात बोलतो? अरे, ते आभार होते. आणि तू म्हणतोस मला वाईट वाटेल! या पोरीला जेवढी अक्कल आहे, तेवढी तुझ्या दाढीत असती तर बरं झालं असतं.”

कित्येक वर्षांत मला कुणी पोरगी म्हटलं नव्हतं. मी घेवड्याकडे बघत राहिले.

“आता हे सांग,” रोलांदबाईंनी नोटरीचा कागद पुन्हा उचलला. “तीन नंबरला काय लिहिलंयस? अक्षर कोंबडीचं.”

“आई, ते नको वाचूस.”

“‘ओदील तिचं खोकं उघडत नाही.’” त्यांनी चष्मा वर केला. “कसलं खोकं?”

मला वाटलं होतं, त्यानं भीतीच्या जागी वन लिहिलं असेल, किंवा काहीच नाही. त्या खोक्याबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. एकदाच, दोन वर्षांपूर्वी, तो म्हणाला होता की ते इकडे आणून ठेवू का, आणि मी ‘राहू दे’ म्हटलं होतं.

“तुझ्या खोलीत आलो की पहिलं ते दिसतं,” रेजाँ म्हणाला. तो माझ्याकडे नाही, बशीकडे बघत होता. “बाई निघायच्या तयारीत बसलीय असं वाटतं. आणि मग तू करार म्हणालीस. मला वाटलं, आणखी एक खोकं.”

“नाही रे,” मी म्हटलं. “करार झाला की ते उघडायचं, असं मी ठरवलं होतं.”

“मग हे आधी सांगायचं नाही का?”

“तू विचारलं नाहीस. ट्रॅक्टरचं विचारलंस.”

“वा,” रोलांदबाई म्हणाल्या, “दोघंही शहाणे. घेवडा वाढा आता, लगदा झाला त्याचा.”

*

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बिलोदोबाईंनी करार वाचला, सगळाच्या सगळा, मोठ्यानं. रोलांदबाई चर्चची टोपी घालून पहिल्या खुर्चीत बसल्या होत्या. बोलवलेलं नव्हतं, पण त्यांना नको म्हणायची कुणाची छाती?

वन रेजाँचं, आणि त्याच्यानंतर त्याच्या पुतणीचं. माझी बचत माझी. ओढपंप आणि नळ्या दोघांच्या, आणि पुढे वनात दोघांनी मिळून जे नवं उभं करू तेही निम्मं-निम्मं, मग पैसे कुणाचेही असोत. कामाचे तास लिहायची एक वही, तिच्यावर दर हंगामाला दोघांची सही. रेजाँ आधी गेला तर मला हवं तोवर घरात राहता येईल. वेगळे झालो तर घर सोडायला एक वर्षाची मुदत, आणि कुणी कुणाकडे पावत्या मागायच्या नाहीत. ते वाक्य ऐकताना रेजाँनं टेबलाखालून माझा हात धरला.

“आणखी काही?” बिलोदोबाईंनी विचारलं.

“आहे,” रेजाँ खाकरला. “‘वर वधूस देतो’ ते राहिलं. मला तिला एक झाड द्यायचंय. गुऱ्हाळामागचं जाड मेपल.”

बिलोदोबाईंनी पेन ठेवलं. “रेजाँ, झाड जमिनीपासून वेगळं देता येत नाही. तोडून द्यावं लागेल.”

“तोडून कसं देणार? काहीतरीच!”

“मग रस द्या. त्या झाडाचा रस, ती असेपर्यंत. ते लिहिता येईल. किती रस?”

“सगळा. तीन तोट्या लागतात त्याला.”

“दोन,” मी म्हटलं. “व्यास पासष्ट सेंटीमीटर आहे. मी मोजलाय. तीन लावल्या तर झाड दमतं.”

“माझं झाड, मला माहीत नाही?”

“आता रस माझा आहे.”

“सही व्हायच्या आधीच भांडायला लागले,” रोलांदबाई बिलोदोबाईंना म्हणाल्या. “चांगलं आहे. लिहा, दोन.”

दोन लिहिलं गेलं. आम्ही सह्या केल्या. मग रोलांदबाई उठल्या आणि त्यांनी पेनसाठी हात पुढे केला.

“तुमची सही लागत नाही, रोलांदबाई,” बिलोदोबाई म्हणाल्या. “आता तसं राहिलेलं नाही.”

“लागत नाही म्हणजे करता येत नाही असं आहे का?”

बिलोदोबाईंनी थोडा विचार केला आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. त्याच्यावर रोलांदबाईंनी सही केली. मग दार उघडून बाहेर बसलेल्या रेजाँच्या पुतणीला बोलावलं, तिच्या नवऱ्याला बोलावलं, लिफाफे चिकटवणाऱ्या मदतनीस बाईंना बोलावलं, बाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकांनाही सोडलं नाही. शेवटी बिलोदोबाईंनीच आपलं पेन उघडलं. अकरा सह्या झाल्या. त्या कागदाला कायद्यात काही किंमत नाही. तो आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर आहे.

लग्न तीन आठवड्यांनी झालं. डास फार होते, जेवण चांगलं होतं. पण रोलांदबाई म्हणाल्या होत्या तेच खरं, मजा जास्त आली ती त्या करारानंतरच्या दुपारी. आम्ही नोटरीकडून थेट माझ्या खोल्यांवर गेलो. रेजाँनं मांजर घेतली, मी खोकं घेतलं. त्यानं खोकं मागितलं, मी दिलं नाही.

रोलांदबाईंच्या टेबलावर ठेवून मी चिकटपट्टी कापली. सूक्ष्मदर्शिनी जशीच्या तशी होती. फक्त आरशावर धूळ. ती पुसली, खिडकीच्या उजेडाकडे वळवली आणि फडताळातल्या आंबलेल्या काकवीचा एक थेंब काचेवर ठेवला.

“बघा,” मी म्हटलं.

रोलांदबाई वाकल्या. एक डोळा मिटला, मग दुसरा, मग परत पहिला.

“आई गं! हे काय वळवळतंय?”

“किण्व आहे, काकवी आंबवणारं. जिवंत आहे.”

“हे मी सकाळी पोळीवर घेतलं!” त्या ओरडल्या. “रेजाँ, ये, बघ, तुझ्या काकवीत प्राणी आहेत!”

“माझ्या नाही, आई. तुझ्या फडताळातल्या.”

दोघांची डोकी काचेवर आपटली. तो हसत होता, दाढी हलत होती, डोळे मिटलेले, त्यामुळे त्याला काहीच दिसत नव्हतं. मी मागे सरकले आणि खिडकीशी टेकून बसले. बसल्यावर ती जागा हलली, तेव्हा माझ्या लक्षात आलं मी कशात बसले आहे. मी ताडकन उठले.

“माफ करा, रोलांदबाई. विचारायचं राहिलं.”

त्यांनी काचेवरून डोळा न काढता हात हलवला.

“बस गं. खुर्ची माझीच आहे, कागदावर आहे. तू बस.”